मरतानाही आईची सोय

प्रश्न : निवृत्त झालो, दिवस खायला उठतो. शेजारच्या ख्रिस्ती काकू म्हणतात, क्रूसामुळे जगायला कारण मिळतं. मरणातून कसलं कारण?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : भाऊ, नर्सची नोकरी सुटल्यावर मीही खिडकीतच बसून असायचे. नाना पेठेतल्या आमच्या चर्चमध्ये उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला) 12 ते 3 उपासना असते, प्रभू येशूने क्रूसावरून काढलेल्या 7 उद्गारांवर. तिसऱ्याशी मी दरवर्षी अडते. हातापायांत खिळे, आणि हा आईला शिष्याच्या हवाली करतोय! त्या मरणातून पापक्षमा कशी मिळते, ते पाळकसाहेब नीट सांगतील (माझ्यापेक्षा लांबलचक). मला कळलं ते इतकंच, की माझ्यासाठी कुणी जीव दिलाय, तर माझा जीव नुसता माझा उरला नाही. तळमजल्यावरच्या आजींची मधुमेहाची जखम मी रोज सलाईनने धुते. त्या ओरडतात. कधीकधी मीही ओरडते.