टेक्स्ट कन्सोलचं रिझोल्यूशन: ७९१ विसरा, आधी नोमोडसेट काढा

तुमची अडचण मला कळली ती अशी. इंदूरला रामबागेतल्या वाचनालयाचा जुना कॉम्प्युटर, त्यावर डेबियन १२ (लिनक्सचा एक प्रकार), ग्राफिकल डेस्कटॉप टाकलेला नाही, म्हणजे नुसता अक्षरांचा पडदा (टेक्स्ट कन्सोल), आणि समोर देणगीत मिळालेला २२ इंची फुल एचडी मॉनिटर. आधी पडद्यावर ८० कॉलम आणि २५ ओळी, म्हणजे अगदी ढोबळ अक्षरं. मग कुणीतरी सांगितलं म्हणून ग्रबमध्ये (लिनक्स सुरू करून देणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) ‘व्हीजीए=७९१’ टाकलंत. अक्षरं लहान झाली, पण आडवी ताणलेली आणि पुसट. वर ग्रब म्हणतो, ही पद्धत आता जुनी झाली. (कमांडची नावं मी देवनागरीत लिहितोय, टाइप अर्थातच रोमनमध्ये करायची.)

ग्रब बरोबर सांगतोय. ७९१ हा व्हेसाच्या (पडद्याची मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या) यादीतल्या एका मोडचा क्रमांक आहे: १०२४ बाय ७६८, १६ बिट रंग. हे क्रमांक ठरले तेव्हा वाइडस्क्रीन मॉनिटर कुणाच्या टेबलावर नव्हते. त्यामुळे ४:३ आकाराचं चित्र तुमचा १६:९ मॉनिटर ओढून पसरवतो आणि अक्षरांच्या कडा जातात. ७९२, ७९४ असे पुढचे आकडे टाकून पाहू नका, त्या वाटेवर १९२० बाय १०८० भेटणार नाही. नेटवरचे निम्मे सल्ले अजून तिथेच अडकलेत.

खरा गुन्हेगार तुम्ही पाठवलेल्या ‘प्रोक/सीएमडीलाइन’च्या ओळीत (बूट होताना कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, दिलेल्या सूचनांत) आहे, ७९१ च्या शेजारीच: ‘नोमोडसेट’. २००९ सालच्या २.६.२९ कर्नलपासून आधी इंटेलच्या आणि मग इतर कार्डांच्या बाबतीत पडद्याचा मोड ठरवण्याचं काम कर्नलने स्वतःकडे घेतलं. याला कर्नल मोड सेटिंग म्हणतात. कर्नल मॉनिटरला विचारतो, तुझं मूळ रिझोल्यूशन काय, आणि कन्सोल थेट त्याच मापावर आणतो. नोमोडसेट म्हणजे कर्नलला सांगणं, की यात हात घालू नकोस. मग उरतो तो बायोसचा (मशीनच्या मूळ प्रोग्रॅमचा) ८० बाय २५ किंवा व्हेसाचा मोड. ज्याने मशीन बसवून दिलं त्याला इन्स्टॉलच्या वेळी काळा पडदा दिसला असणार, त्याने हा शब्द टाकला आणि तो तसाच राहिला. असं फार ठिकाणी सापडतं.

लगेच फाइल बदलायला जाऊ नका. बूट करताना ग्रबच्या मेनूत ‘ई’ दाबा, ‘लिनक्स’ शब्दाने सुरू होणारी ओळ शोधा, तिच्यातून नोमोडसेट आणि व्हीजीए=७९१ दोन्ही खोडा आणि कंट्रोल-एक्स दाबा. हा बदल तेवढ्या एका बूटपुरता असतो. काही बिनसलं तर मशीन बंद करून चालू करा, जुनी ओळ परत येते. बूट अर्धं झालं की पडदा क्षणभर काळा होऊन अक्षरं एकदम बारीक आणि रेखीव झाली, तर काम झालं. ‘एसटीटीवाय साइझ’ टाकून बघा: ६७ (ओळी) आणि २४० (कॉलम) असे आकडे यायला हवेत, कारण नेहमीचं अक्षर ८ बाय १६ पिक्सेलचं असतं.

मग ‘ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब’ फाइलमधून ते दोन्ही शब्द काढा आणि ‘अपडेट-ग्रब’ चालवा. याच फाइलमध्ये ‘ग्रब जीएफएक्समोड’ नावाची ओळ दिसेल. ती मेनूच्या पडद्यासाठी आहे. कर्नलच्या ड्रायव्हरने ताबा घेतला की तिला कोणी विचारत नाही, त्यामुळे तिच्यात संध्याकाळ घालवू नका. पडद्याचं माप बदलणाऱ्या जुन्या ‘एफबीसेट’ कमांडचंही तेच.

पडदा काळाच राहिला तर? दुसऱ्या मशीनवरून एसएसएचने (नेटवर्कवरून) आत शिरा आणि ‘एलएसपीसीआय -के’ने कार्ड कोणतं, त्याला ड्रायव्हर लागलाय का, ते बघा. एएमडीचं कार्ड असेल तर बहुतेक वेळा फर्मवेअर (कार्डात भरावा लागणारा छोटा प्रोग्रॅम) नसतं. डेबियनमध्ये ‘फर्मवेअर-एएमडी-ग्राफिक्स’ हे पॅकेज ‘नॉन-फ्री-फर्मवेअर’ विभागात मिळतं. ते टाकून पुन्हा बूट करा.

आता एक वेगळी शक्यता: नोमोडसेट काढूनही पडदा फुल एचडी झाला नाही, तर माझा संशय कन्व्हर्टरवर आहे. मॉनिटर जुन्या मशीनला कन्व्हर्टर लावून जोडलाय, असं तुम्ही लिहिलंय. मॉनिटर स्वतःची माहिती ईडीआयडी नावाच्या छोट्या नोंदीत ठेवतो आणि ती केबलमधूनच कर्नलपर्यंत येते. जेल रोडवर मिळणारे स्वस्त व्हीजीए-एचडीएमआय कन्व्हर्टर पुष्कळदा ही नोंद पुढे पोचवतच नाहीत. मग कर्नल सावधपणे १०२४ बाय ७६८ वर थांबतो, आणि माणूस ड्रायव्हरला शिव्या देत बसतो. तपासणं सोपं आहे. ‘सिस/क्लास/डीआरएम’ या डिरेक्टरीत प्रत्येक पोर्टचं एक फोल्डर असतं, ‘कार्ड०-व्हीजीए-१’ असं काहीसं. त्यातली ‘मोड्स’ फाइल वाचा. यादीत सगळ्यात मोठा आकडा १०२४ बाय ७६८ असेल आणि शेजारची ‘ईडीआयडी’ फाइल रिकामी असेल, तर दोष केबल-कन्व्हर्टरचा. शक्य असेल तर कन्व्हर्टर काढून मॉनिटरच्या व्हीजीए पोर्टला सरळ केबल लावा. ते जमत नसेल तर कर्नलच्या ओळीत ‘व्हिडिओ=व्हीजीए-१:१९२०एक्स१०८०एमआर@६०’ लिहा. पोर्टचं नाव फोल्डरमध्ये असेल तेच, फक्त ‘कार्ड०-’ वगळून. आकड्यांनंतरचा कॅपिटल एम म्हणजे वेळेचं गणित कर्नलनेच करावं, आणि आर म्हणजे दोन ओळींमधली रिकामी वेळ कमी ठेवावी. हा आर स्वस्त कन्व्हर्टरला फार मानवतो, कारण त्याच्यावर येणारा सिग्नल हलका होतो.

हे जमलं की दुसऱ्या दिवशी नवी तक्रार येईल: अक्षरं मुंगीएवढी झाली, ग्रंथपाल काकांना दिसत नाहीत. तेव्हा रिझोल्यूशन पुन्हा खाली आणायचं नाही, फॉन्ट मोठा करायचा. ‘डीपीकेजी-रीकॉन्फिगर कन्सोल-सेटअप’ चालवा, टर्मिनस हा फॉन्ट निवडा आणि माप १६ बाय ३२ घ्या. १२० कॉलम, ३३ ओळी. ८० बाय २५ पेक्षा जागा जास्त आणि अक्षर कोरीव. १६ बाय ३२ फारच मोठं वाटलं तर मधलं १२ बाय २४ आहे; टेबलापासून हातभर लांब बसणाऱ्याला मी तेच देईन. बूटच्या अगदी सुरुवातीपासून मोठं अक्षर हवं असेल तर टर्मिनसचा १६ बाय ३२ फॉन्ट ५.० कर्नलपासून कर्नलमध्येच आला आहे; ‘एफबीकॉन=फॉन्ट:टीईआर१६एक्स३२’ हा शब्द ओळीत जोडून पाहा.

पुस्तकांची मराठी नावं चौकोन होऊन दिसतात, असंही तुम्ही शेवटी विचारलंय. ते रिझोल्यूशनने सुटणार नाही. कर्नलच्या कन्सोलला एका वेळी जास्तीत जास्त ५१२ अक्षरचित्रं ठेवता येतात, आणि वेलांट्या-जोडाक्षरं जुळवण्याची सोय त्यात नाहीच. यादीतलं ‘श्रीमान योगी’ तिथे नीट उमटावं म्हणून फॉन्ट शोधत फिरू नका. ग्राफिकल टर्मिनलसुद्धा जोडाक्षरांत धड नसतात. वाचनालयाची यादी ब्राउझरमधून दाखवा, त्यासाठी दुसरा लॅपटॉप चालेल, आणि कन्सोल फक्त सांभाळणाऱ्यापुरता ठेवा.

आणि शिफ्ट-पेजअपने वरच्या ओळी दिसत नाहीत म्हणून घाबरू नका. कन्सोलची ती सोय ५.९ कर्नलपासून काढून टाकली आहे. मागच्या ओळी जपून ठेवणारा टीमक्स टाकून घ्या, नाहीतर लांब आउटपुट ‘लेस’ या कमांडने पानापानाने वाचा.

कन्व्हर्टर काढल्यावर ‘मोड्स’ फाइलमध्ये काय येतं ते कळवा. तेव्हाही १०२४ च राहिलं, तर ‘एलएसपीसीआय -के’चं पूर्ण आउटपुट लागेल.