पोरगी म्हणते, उंदरांवर संशोधन करायचंय

भाऊसाहेब, नमस्कार.

पिंपळगावहून तुमचं पत्र आलं. मुलगी नाशिकला बीएस्सी मायक्रोबायोलॉजीच्या शेवटच्या वर्षाला, आणि तिला उंदरांची जनुकं आणि प्रतिकारशक्ती यांत संशोधन करायचंय. तुम्ही विचारता, ‘उंदरांत आयुष्य घालवून काय मिळणार? त्यापेक्षा बीएड बरं नाही का?’

तुमच्या बागेतली थॉमसन द्राक्षं काडीपासून वाढवलेली, म्हणून सगळ्या वेली आतून सारख्या. एकाच ओळीत डाऊनी रोग जास्त आला तर तुम्ही वाणाला नाही, पाण्याला नाहीतर फवारणीला बोल लावता. प्रयोगशाळेतले उंदीरही असेच वाण आहेत, सख्ख्या भावंडांचा संकर निदान २० पिढ्या करून तयार केलेले. बाल्ब-सी पांढरा, सी-५७ ब्लॅक-६ काळा. दोघांच्या तळपायात लीशमानिया मेजर हा परजीवी टोचला, तर काळ्याचा पाय सुजतो आणि काही आठवड्यांत बरा होतो. पांढऱ्याची जखम चिघळतच जाते. पिंजरा तोच, खाणं तेच, डोस तोच. मग फरक वाणाचाच ना! काळ्याच्या टी पेशी, म्हणजे रक्तातल्या एक प्रकारच्या संरक्षक पांढऱ्या पेशी, गॅमा इंटरफेरॉन हे संदेश देणारं प्रथिन सोडतात, त्याने मॅक्रोफेज या जंतू गिळणाऱ्या पेशी स्वतःच्याच पोटात दडलेला परजीवी मारतात. पांढऱ्याच्या टी पेशी इंटरल्युकिन-४ या दुसऱ्याच संदेश-प्रथिनाच्या वाटेला जातात. प्रतिपिंडं (अँटिबॉडी) होतात, पण पेशीच्या आत लपलेल्याला ती काय करणार? डोहर्टी आणि झिंकरनागेल या शास्त्रज्ञांचं १९९६चं नोबेलही उंदरांच्या टी पेशींवरच्या कामाचं.

तेव्हा विषयाची काळजी सोडा. मला काळजी वेगळीच आहे. तिने उंदीर हातात धरलाय का? मानेची कातडी चिमटीत पकडायची, सुई द्यायची, आठवडे सांभाळायचा आणि शेवटी मारायचा. पहिल्या दिवशी बऱ्याच जणांचे हात कापतात. एमएस्सीआधी उन्हाळ्यात पुण्याला एनसीसीएस या पेशीविज्ञानाच्या राष्ट्रीय संस्थेसारख्या ठिकाणी प्रोजेक्ट मिळतो का, ते तिने पाहावं. प्राणी नाहीच जमले तर पेशी-संवर्धन, म्हणजे प्रयोगशाळेत नुसत्या पेशी वाढवणं, आहे, संगणकावरचं काम आहे. त्यात कमीपणा नाही.

पैशाचं म्हणाल तर एमएस्सीची दोन वर्षं आणि पीएचडीची पाच-सहा. जेआरएफ ही संशोधनाची सरकारी शिष्यवृत्ती मिळाली तर २०२३पासून महिना ३७,००० रुपये आणि वर घरभाडं. मात्र ते पैसे कधीकधी महिनोन्‌महिने रखडतात, तेवढं धरून चाला. बीएड काय, नंतरही करता येईल.

जॅम या एमएस्सीच्या प्रवेशपरीक्षेचा अर्ज साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरात भरायचा असतो, नेमका तुमच्या छाटणीच्या धांदलीत. तुम्हाला सवड नसेल तर तिला एकटीला पाठवा, अर्ज मी भरून घेते.