दुर्बीण चांगली आहे हो, पण ती हलतेय!

प्रश्न : नमस्कार. आम्ही मुलुंडला राहतो, पाचवा मजला, गॅलरी दक्षिणेला. मुलगी सातवीत आहे, वांगणीला आकाशदर्शनाला जाऊन आल्यापासून तिने शनीचा ध्यास घेतलाय. बजेट २५ हजारांच्या आसपास. दुकानदार म्हणतो इक्वेटोरियल माउंटवाली घ्या, तीच खरी दुर्बीण. ओळखीतले एक जण म्हणतात डॉबसोनियन, आणि आमच्या ह्यांना मोटरवाली पाहिजे, आपोआप ग्रह शोधणारी. डोकं नुसतं गरगरतंय. काय घेऊ?

उत्तर : ताई, तुम्ही 'किती पट दिसेल' असं विचारलं नाहीत त्याबद्दल आधी आभार, कारण बहुतेक पत्रं तिथूनच सुरू होतात. दुर्बीण घेताना लोक नळी बघतात आणि ती ज्याच्यावर बसते ते माउंट म्हणजे काहीतरी फुकट मिळालेलं स्टँड समजतात, आणि नंतर माळ्यावर टाकतात ती त्या स्टँडमुळेच.

इक्वेटोरियलची आयडिया खरंच सुंदर आहे. तिचा एक अक्ष ध्रुव ताऱ्याकडे रोखला की मग पृथ्वी फिरेल तसं फक्त एक नॉब हळूहळू फिरवत राहायचं, ग्रह समोरून हलत नाही. पण मुंबई साधारण १९ अंश अक्षांशावर, म्हणून ध्रुवही क्षितिजापासून १९ अंशच वर. हात लांब करून मूठ धरली की ती साधारण १० अंशांची, म्हणजे दोन मुठी. आता मुंबईत क्षितिजापासून दोन मुठींवर काय असतं? समोरची बिल्डिंग. बिल्डिंग नसेल तर धुरकट पिवळा उजेड. आणि तुमची गॅलरी तर दक्षिणेला, म्हणजे ध्रुव तुमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीपलीकडे कुठेतरी. होकायंत्र लावून अंदाजाने उत्तर दिशा धरता येते, नुसतं बघण्यापुरतं तेवढं चालतंही, पण सातवीतल्या मुलीला वजनाचा दांडा, दोन क्लँप आणि तिरका अक्ष हे सगळं सांभाळत शनी शोधायला लावलं तर तिसऱ्या दिवशी ती मोबाइल घेऊन बसेल.

माझी स्वतःची पहिली दुर्बीण अशीच होती. उजेड गोळा करणारा आतला आरसा उत्तम, आणि खाली काटकुळ्या पायांचं हलकं इक्वेटोरियल. फोकसच्या चाकाला नुसता हात लावला की गुरू लेझीम खेळायचा, तो थांबेपर्यंत निम्मा वेळ गेलेला असायचा. दोष इक्वेटोरियल पद्धतीचा नाही बरं का, स्वस्तातल्या इक्वेटोरियलचा आहे. दणकट घ्यायचं तर दुर्बिणीपेक्षा माउंटलाच जास्त पैसे जातात.

म्हणून माझं मत डॉबसोनियनला. हा प्रकार लोकप्रिय केला जॉन डॉबसन यांनी, आणि हे गृहस्थ सॅन फ्रान्सिस्कोच्या वेदांत सोसायटीच्या मठात संन्यासी होते! जहाजाच्या गोल खिडक्यांच्या जाड काचा घासून आरसे करायचे, प्लायवूडच्या खोक्यात नळी बसवायचे आणि फुटपाथवर उभे राहून येणाऱ्याजाणाऱ्याला चंद्र दाखवायचे. डावीकडे-उजवीकडे, वर-खाली, बस एवढ्याच हालचाली. हाताने ढकलली की जाते, सोडली की थांबते. तोटा एकच, ग्रह दृश्यातून सरकत जातो. १०० पटीला साध्या आयपीसमधून (डोळा लावायचं छोटं भिंग) अर्धा अंशच आकाश दिसतं आणि आकाश तासाला १५ अंश सरकतं, म्हणजे शनी दोन मिनिटांत एका कडेपासून दुसऱ्या कडेला. दोन मिनिटं भरपूर असतात हो. नंतर बोटाने जरा ढकलायचं, मुलं दहा मिनिटांत शिकतात.

तुमच्या जागेला १३० मिमी आरशाची, ६५० मिमी फोकल लेन्थची (आरशापासून चित्र जुळतं तिथपर्यंतचं अंतर) टेबलटॉप डॉब बघा, म्हणजे टेबलावर ठेवायची छोटी डॉबसोनियन. सहा इंची मोठी डॉब त्याहून सरस आहे पण ती सोळा-सतरा किलोची, रोज गॅलरीत ओढणार कोण. टेबलटॉपला मात्र खाली ठोस काहीतरी लागतं, प्लॅस्टिकच्या स्टुलावर ठेवलीत तर पुन्हा लेझीम. जाड लाकडी स्टूल करून घ्या, किंवा गच्चीवर टाकीचा कट्टा असेल तर सोन्याहून पिवळं (चावी सेक्रेटरींकडून मिळवणं हा भाग दुर्बीण निवडण्यापेक्षा अवघड आहे). मोटरचं म्हणाल तर तेवढ्याच पैशात मोटर आली की आरसा लहान होतो. शनी मुंबईतूनही नुसत्या डोळ्यांना दिसतो, तो शोधायला मोटर कशाला? २०२५ मध्ये त्याची कडी अगदी आडवी, रेघेसारखी झाली होती, आता पुन्हा उघडत चालली आहेत, त्यामुळे मुलीची वेळ चांगली आहे असं समजा.

प्रश्न : दुर्बीण घेतली, आता दुकानात अॅक्सेसरीजचा एक मोठा किट दाखवतायत. पाच आयपीस, बार्लो (पट वाढवणारं जादा भिंग), रंगीत फिल्टर, मून फिल्टर, सगळं एका पेटीत. घेऊ का? दुर्बीण १३० मिमीचीच आहे. – बोरिवली

उत्तर : नका घेऊ. त्या पेटीतल्या निम्म्या गोष्टी तुम्ही दोनदा वापराल. आधी सोबत आलेल्या २५ आणि १० मिमीच्या आयपीसवर दोन-तीन महिने काढा. पट काढायचं गणित सोपं, दुर्बिणीची फोकल लेन्थ भागिले आयपीसची, म्हणजे तुमच्याकडे २६ आणि ६५. ग्रहांसाठी अजून थोडं हवंसं वाटेलच, तेव्हा ६ मिमीचा एकच बरा आयपीस घ्या, १०८ पट. सोनेरी पट्टीवाले ६६ अंशांचे, म्हणजे डोळ्याला रुंद दृश्य दाखवणारे, मिळतात त्यातला ६ चा छान आहे. खोक्यावर ५२५ पट वगैरे लिहिलेलं असतं ते विसरा, आरशाच्या दर मिलिमीटरला जास्तीत जास्त २ पट ही कागदावरची मर्यादा, म्हणजे तुम्हाला २६०, आणि तीसुद्धा हवा शांत असेल तर. दिवसभर तापलेली स्लॅबची गच्ची रात्री गरम हवा सोडत असते, तेव्हा दीडशेच्या वर ग्रह उकळत्या पाण्यातून बघितल्यासारखा दिसतो. म्हणून संध्याकाळी सातला नाही, रात्री उशिरा बघा.

मून फिल्टर नको, चंद्र डोळ्यांवर आला तर गॅलरीतला दिवा लावून बघा, झालं. रंगीत फिल्टर तर नकोच. शहरातल्या उजेडावरचा म्हणून विकतात तो फिल्टरही नको, पांढऱ्या एलईडीपुढे त्याचं फारसं चालत नाही, त्यापेक्षा त्या पैशात वांगणीच्या तिकिटांच्या कितीतरी फेऱ्या होतील. नेम धरायचा लाल ठिपक्याचा फाइंडर सोबत आला नसेल तर तो मात्र घ्याच. आरसा थोडा हललाय का बघायला कोलिमेशन कॅप (मधोमध भोक असलेलं झाकण) लागते, ती फार स्वस्त असते, आणि लोकल किंवा रिक्षातून दुर्बीण नेलीत तर लागणारच.

आणि पेटीत आयपीसला स्क्रू करायचा सूर्याचा फिल्टर असेल तर तो घरी आणल्या दिवशीच कचऱ्यात टाका, कुणाला देऊ पण नका. सगळा उजेड आणि उष्णता एकवटते तिथेच तो बसतो, तडकला की डोळा गेला. सूर्याचा फिल्टर नळीच्या पुढच्या तोंडावरच, पूर्ण झाकणारा आणि घट्ट बसणारा.

प्रश्न : वडिलांनी भेट दिलेली ७० मिमीची दुर्बीण आहे, अॅल्युमिनियमचा ट्रायपॉड, फार थरथरतो. नवीन माउंट घ्यावं का? – परळ

उत्तर : आधी फुकटातले उपाय. पाय पूर्ण बाहेर काढू नका, आखूडच ठेवा आणि खुर्चीवर बसून बघा. मधल्या ट्रेखाली भाजीची पिशवी लटकवा, आत दोन विटा, खाली जमिनीला जेमतेम टेकेल अशी, नाहीतर वाऱ्याने तीच झोके घेईल. मग नळीला टिचकी मारा आणि चित्र किती सेकंदात थांबतं ते मोजा. दोन-तीनमध्ये थांबलं तर नवीन काही नको, सहा-सात लागत असतील तर माउंट बदला, नळी तीच ठेवा.

जाता जाता, पावसाळा जवळ आलाय. चार महिने तसंही काही दिसणार नाही, दुर्बीण त्या रेक्झिनच्या बॅगेत बंद करून कपाटात ठेवू नका, आपल्याकडच्या दमटपणात भिंगाला बुरशी धरते. आयपीस हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा, जेल ओलं झालं की कढईत मंद आचेवर परतून घ्यायचं. कढई कुठली वापरायची ते घरात आधी विचारा.