वाचक विचारतात : चिनी घोडा पॅरिसला कधी गेला?

प्रश्न : आमच्या जवळच्या चायनीज हॉटेलात भिंतीवर काळ्या शाईतले उधळलेले घोडे आहेत. मुलगी अभिनव कला महाविद्यालयात शिकते, ती म्हणते हे वेस्टर्न वळणाचं चित्र आहे. मला तर ते अस्सल चिनी वाटतं. बरोबर कोण?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : दोघंही, पण लेकीला अर्धा मार्क जास्त. ते घोडे मूळचे चिनी चित्रकार श्यू बेईहोंगचे (१८९५–१९५३), हॉटेलात लागतात त्या अर्थातच कॉपीच्या कॉप्या. हा माणूस १९१९ मध्ये पॅरिसला गेला, एकोल दे बोझार या तिथल्या कलाशाळेत रीतसर ड्रॉइंग शिकला, मधे बर्लिनला होता तेव्हा तिथल्या झूमध्ये सिंहांची स्केचेस करत बसायचा, आणि १९२७ ला परत आला तो हाडं-स्नायू पक्के डोक्यात बसवूनच. आता पुढच्या वेळी नूडल्स येईपर्यंत जरा जवळ जाऊन बघा. आयाळ आणि शेपूट म्हणजे ब्रशचा एकेक फटकारा, दुरुस्ती नाही काही नाही, ते पूर्ण चिनी. पण घोडा तिरका आपल्या अंगावर येतोय, पुढचे पाय मोठे मागचे आखूड दिसतायत, छातीवर मधेच कागद कोरा सोडलाय म्हणून ती फुगीर वाटते, हे सगळं पॅरिसच्या वर्गातलं.

आणि हो, हे गृहस्थ रवींद्रनाथांच्या बोलावण्यावरून शांतिनिकेतनलाही येऊन राहिले होते. डोंगर खणून हलवायला निघालेल्या हट्टी म्हाताऱ्याची जुनी चिनी गोष्ट त्यांनी १९४० मध्ये भारतातच रंगवली, चित्र चार मीटरहून लांब, आणि त्यातल्या खणणाऱ्या उघड्याबंब गड्यांसाठी मॉडेल म्हणून इथलीच माणसं घेतली.

प्रश्न : सगळं पॅरिसहून आणलं तर ती नक्कलच झाली की. यात चिनी काय उरलं?
– एक वाचक, सदाशिव पेठ

उत्तर : नक्कल करणारा भांडत बसत नाही हो, आणि ही चिनी मंडळी तर कडाकडा भांडली. १९२९ मध्ये शांघायला पहिलं राष्ट्रीय कलाप्रदर्शन भरलं तेव्हा श्यू बेईहोंगनी सेझान, मातीस वगैरे फ्रेंच मॉडर्न चित्रकारांवर जाहीर तोफ डागली आणि कवी श्यू चिमो त्या फ्रेंच चित्रकारांच्या बाजूने उभा राहिला. म्हणजे पश्चिमेकडून घ्यायचं हे दोघांनाही मान्य, कोणाकडून घ्यायचं यावर जुंपली. पुढे १९५० ला बीजिंगच्या सेंट्रल अॅकॅडमी या कलाशाळेचे प्रमुख श्यू बेईहोंगच झाले, १९५५ मध्ये तर मॅक्सिमोव्ह नावाचे सोव्हिएत चित्रकार तिथे तैलरंग शिकवायला आले, त्यामुळे बराच काळ रिअॅलिझमचंच, म्हणजे दिसतं तसं हुबेहूब रंगवण्याचंच चाललं.

आता १९८० चं 'बाप' हे चित्र बघा, लुओ चोंगलीचं. एका शेतकऱ्याचा नुसता चेहरा, पण दोन मीटरहून उंच, प्रत्येक सुरकुती, घामाचा थेंब, हातातला वाडगा. अमेरिकन चक क्लोजच्या फोटोसारख्या अवाढव्य चेहऱ्यांवरून त्याला ही युक्ती सुचली. फक्त तोपर्यंत चीनमध्ये एवढ्या आकारात माओंचा चेहरा लागायचा! प्रदर्शनाआधी वरिष्ठांनी सुचवलं म्हणून शेतकऱ्याच्या कानावर एक बॉलपेन खोचलं, म्हणजे हा जुन्या काळातला गांजलेला नाही, नव्या चीनमधला शिकलेला शेतकरी आहे हे कळावं. मला ते पेन कायम खटकतं, पण चक क्लोजच्या चित्रात ते येऊच शकलं नसतं.

तसं तर हे फार जुनं आहे. कास्तिल्योने नावाचा इटालियन जेझुइट मिशनरी चित्रकार १७१५ मध्येच बीजिंग दरबारात पोचला होता आणि बादशहाच्या चेहऱ्यावर सावली चालणार नाही म्हणून त्याला आपली पद्धत बदलावी लागली. आपल्या पुण्यात १७९० च्या दशकात जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार आला, सवाई माधवराव आणि नाना फडणवीसांना रंगवलं, शनिवारवाड्यात चित्रकला शिकवायची सोय झाली आणि त्यातून गंगाराम तांबट तयार झाला. त्याला नकलाकार म्हणाल का?

प्रश्न : यांच्यातला तुमचा आवडता कोण?
– एक वाचक, कर्वेनगर

उत्तर : लिन फंगमियन, विचारायलाच नको. तेही फ्रान्सला शिकलेले, १९२८ मध्ये हांगचौच्या तळ्याकाठी कलाशाळा काढली. मातीससारख्या बायका, पण अंगावरची रेघ जुन्या चिनी भांड्यांवरच्या चित्रांसारखी सरसर ओढलेली, कागद बहुतेक वेळा चौकोनी, जुन्या चिनी पद्धतीची लांबलचक गुंडाळी नाहीच. माओंच्या सांस्कृतिक क्रांतीत, पुरावा राहू नये म्हणून, त्यांनी आपली चित्रं पाण्यात भिजवून लगदा करून संडासात ओतली, तरी चार वर्षांहून जास्त तुरुंगात काढावी लागलीच. १९७७ मध्ये हाँगकाँगला गेले आणि गेलेली चित्रं आठवून आठवून परत काढायला बसले. झाओ वू-की आणि वू ग्वानचोंग हे दोघे त्यांचेच विद्यार्थी. दोघेही पुढे पॅरिसला गेले; पहिला तिथेच राहिला आणि पॉल क्ले या युरोपियन चित्रकाराच्या वाटेने अॅब्स्ट्रॅक्टकडे गेला, दुसरा १९५० ला परत आला आणि म्हातारपणी १९९२ मध्ये लिहून बसला की चित्रापासून तोडून बघितलं तर ब्रश आणि शाईची किंमत शून्य. त्यावर चिनी चित्रकारांत जी वादावादी झाली ती पुढे कित्येक वर्षं चालली.