कूलर सोलापुरातच राहू द्या, ताई (रत्नागिरीला बदली झालेल्यांसाठी)

ताई, तुमची पोस्ट वाचताना मला माझाच टेम्पो दिसला. ऐन मे महिन्यात सोलापूरहून रत्नागिरीला बदली, बरोबर बीपीच्या गोळ्या चालू असलेल्या सासूबाई, दोन पोरं, आणि तुमचा प्रश्न असा की तिथं पारा ३३-३४ च्या वर जात नाही, मग घरचा मोठा कूलर नेला की भागेल ना, एसीचा खर्च कशाला? शेवटी जाता जाता विचारलंय की दुपारनंतर विजा-गडगडाट असतो म्हणे, त्याचं काय करायचं.

सामान बांधणं, घर शोधणं, शाळेचे दाखले यावर इथं बऱ्याच जणांनी लिहिलंय. मी त्यात पडत नाही. मी कूलरवर बोलणार आहे, कारण माझी सगळ्यात महागात पडलेली चूक तीच. आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही आणि हवामान खात्यातलाही नाही. तीन वर्षं तिकडं काढली, एवढाच माझा अधिकार.

आम्ही गेलो तेव्हा सोलापुरात ४२-४३ चालू होतं. आंबा घाट उतरून साखरप्याला चहाला थांबलो, तर चष्म्यावर वाफ धरली. मोबाइलवर बघितलं, ३४. मी हसून आईला म्हणालो, "बघ, हिल स्टेशनला आणलंय तुला." संध्याकाळी घरी पोचलो आणि सगळ्यात आधी कूलर लावला. पत्र्याचा, साठ लिटरच्या टाकीचा, त्याच उन्हाळ्यात नवीन गवत भरून घेतलेला. आपल्या सवयीप्रमाणे खिडक्या लावून घेतल्या, पडदे ओढले, झोपलो.

सकाळी टाकीत बघतो तर पाणी जवळपास होतं तेवढंच!

आता हे सोलापूरकराला काय वाटणार, तुम्हीच सांगा. आपल्याकडं नळाला काही दिवसांआड पाणी येतं, बॅरल भरून ठेवायचे, आणि त्यातलं रोज रात्री कूलरला घालताना जीव वर-खाली होतो. पहाटे उठून पुन्हा बादली ओतावी लागते. इथं एक बादलीसुद्धा घालावी लागली नाही. मी बायकोला कौतुकानं सांगितलं, "हवा चांगली आहे इथली, कूलर पाणीच पीत नाही." पंधरा दिवस मी या आनंदात होतो.

कूलर पाणी पीत नाही याचा अर्थ कूलर काहीच करत नाही, हे डोक्यात शिरलं नाही. गवतावरचं पाणी उडून जाताना हवेतली उष्णता घेऊन जातं, गारवा मिळतो तो त्यातूनच. पाणी टाकीतच राहिलं म्हणजे गारवाही टाकीतच राहिला. थर्मामीटरच्या बल्बला ओलं फडकं गुंडाळून वारा घातला की पारा जिथवर उतरतो, त्याच्या खाली कुठलाही कूलर हवा नेऊ शकत नाही. सोलापुरात ४२ तापमान आणि २० टक्के आर्द्रता असली तर तो आकडा २४ च्या आसपास येतो, म्हणजे केवढी जागा आहे बघा. किनाऱ्यावर ३४ आणि ७० टक्के धरा, तर तो २९ ला अडकतो. तोही नवीन गवत, उघडी खिडकी, सगळं जुळून आलं तर. आणि खिडक्या बंद असल्या तर जे थोडंफार पाणी उडतं ते खोलीतच साठतं, हवा आणखी दमट होते, मग उरलेलंही उडायचं थांबतं. अंगावरच्या घामाचं गणितही हेच. तिकडं घाम धो-धो येतो, पण वाळत नाही, आणि न वाळलेला घाम अंग गार करत नाही. ३४ आणि ७० टक्के हे सावलीत बसलेल्या अंगाला ४६-४७ सारखं लागतं. हवामान खात्याचा उष्णतेच्या लाटेचा निकषही वेगळा आहे. मैदानी भागात पारा किमान ४० लागतो, किनारपट्टीवर ३७ ला विचार सुरू होतो (दोन्हीकडं सरासरीपेक्षा साडेचार अंश जास्त असावा लागतो, तो भाग वेगळा). मी मात्र ३४ बघून हसत होतो.

सोळाव्या की सतराव्या दिवशी दुपारी तीनच्या सुमारास घाटाकडून ढग चढले. अंधारून आलं, गडगडलं, आणि वीज गेली. आई आतल्या खोलीत, खिडक्या बंद, कूलर बंद, पंखा बंद. मी बाहेरच्या खोलीत पाऊस बघत उभा. अर्ध्या तासानं आत गेलो तर ती पलंगाच्या कडेला बसलेली, पातळ पाठीला चिकटलेलं, चेहरा पांढराफटक. म्हणाली, "मळमळतंय रे." हात लावला तर कातडी गार आणि चिकट. मला वाटलं, पित्त. ऊन लागलं असेल हा विचारच आला नाही, कारण आपल्याकडं ऊन लागणं म्हणजे अंग तापून कोरडं पडणं, आणि ही तर घामानं भिजलेली. शिवाय ती चार दिवसांत उंबऱ्याबाहेर गेली नव्हती. मी तिला लिंबू-पाणी देऊन झोपवलं आणि पाऊस आत येतोय म्हणून उरलेली एक फट होती तीही लावून घेतली!! ती फट मला आजही आठवते.

उलटी झाली, उठताना तोल गेला, मग पळापळ. दोन दिवस सलाइन. तिच्या बीपीच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध होतं, त्यात दिवसभराचा घाम, अंगातलं पाणी-मीठ सगळं उतरलेलं. डॉक्टरांनी घरात काय लावता विचारलं. मी कूलर म्हणालो. त्यांनी वर बघितलंसुद्धा नाही, नुसतं विचारलं, "घाटावरचे का?"

म्हणून ताई, निघण्याआधी सासूबाईंच्या गोळ्यांची चिठ्ठी तुमच्या डॉक्टरांना दाखवा आणि दमट हवेत जातोय हे स्पष्ट सांगा. मीठ-पाणी किती द्यायचं तेही त्यांनाच विचारा. बीपीच्या माणसाला नेटवर वाचून मीठ पाजू नका. गोळी मनानं बंद तर अजिबात करू नका. आणि कुणी गोंधळल्यासारखं बोलायला लागलं, असंबद्ध उत्तरं द्यायला लागलं, तर लिंबू-पाणी-बिणी काही नाही, अंगावर पाणी मारत, वारा घालत थेट दवाखाना.

यानंतर मी एसी घ्यायचा ठरवला, आणि मग सुरू झाला एका कार्यालयाचा किस्सा. नाव घेत नाही. घराचा मंजूर लोड (म्हणजे मीटरवर किती वीज ओढायची परवानगी) कमी होता, संध्याकाळी व्होल्टेज इतकं पडायचं की पंख्याची पाती मोजता यावीत. लोड वाढवायचा अर्ज केला. पहिल्या टेबलावर सांगितलं, मीटर ज्यांच्या नावावर त्यांची सही आणा. मीटर घरमालकांच्या वडिलांच्या नावावर, आणि ते वारून सहा वर्षं झालेली. तसं सांगितलं तर म्हणे, मग आधी नाव बदलून घ्या. नाव बदलायला वारसांचे कागद, एक वारस मुंबईत, त्यांना सुट्टी गणपतीत. मी म्हटलं, साहेब, घरात आजारी म्हातारं माणूस आहे. ते म्हणाले, "सगळ्यांच्याच घरात असतं." चौथ्या खेपेला गेलो तेव्हा बाहेर मोसमी पाऊस सुरू झाला होता आणि शिपायानं मला हसून सांगितलं, आता कशाला एसी. बोलत बसलो तर रात्र जाईल. तुम्ही एकच करा, घर बघायला गेलात की बाथरूमच्या आधी मीटर बघा. कुणाच्या नावावर आहे, ती व्यक्ती हयात आहे का, लोड किती. मगच ॲडव्हान्स द्या.

तर एसी मिळाला तर उत्तम, दमट दिवसांत ड्राय मोडवर टाका, बिलही जरा कमी येतं. नसेल तर समोरासमोर खिडक्या असलेली खोली, छताचा पंखा, आणि एक्झॉस्ट. दुपारी खारा वारा येतो त्या बाजूची खिडकी उघडी हवीच. आपण सोलापुरात जे जे करतो, दहा वाजता दारं लावणं, फरशीवर पाणी मारणं, ओली चादर टांगणं, ते तिकडं उलटं पडतं. तिथली माणसं हे सांगत बसत नाहीत, कारण त्यांना ते सांगण्यासारखं वाटतच नाही. माझं मत कडक आहे, मान्य. एखाद्या कोरड्या दिवशी कूलर थोडाफार चालतो म्हणणारे भेटतील. त्यांना टाकीतलं पाणी मोजायला सांगा.

आता विजांचं. सकाळभर जमीन तापते, समुद्राकडून ओली हवा येते, सह्याद्रीला थडकून वर चढते, आणि दुपारनंतर ढग उभे राहतात. एप्रिल-मे आणि पुन्हा ऑक्टोबरात हे जास्त. आपला वळीव आधी धुरळा उडवतो, डोळ्यात माती घालतो, मग चार टपोरे थेंब, आणि नंतर छान गार. तिकडं पाऊस थांबून ऊन पडलं की पाऊण तासानं आधीपेक्षा जास्त घुसमटतं. पावसानं गार होईल या आशेवर राहू नका.

पोरांना मोजायला शिकवा. वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत तीन सेकंद म्हणजे साधारण एक किलोमीटर. आकडा तीसच्या आत आला की घरात, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर नाही. माझ्या धाकट्याची भीती या मोजण्यानंच गेली, तो आकडे ओरडत बसायचा. माडाखाली, आंब्याखाली उभं राहायचं नाही, पोफळीच्या बागेतही नाही. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं 'दामिनी' ॲप मोबाइलवर टाका, आसपास विजा पडत असल्या तर कळवतं. फ्रिज-टीव्हीचे प्लग ढग लांब असतानाच काढा. डोक्यावर आल्यावर हात लावायला जाऊ नका, नळालाही नको. इंटरनेटची वायर काढायला मी विसरलो होतो, राउटर गेला.

किरकोळ गोष्टी: कडक भाकरी न्याल तर हवाबंद डब्यात, आणि उघडली की त्याच दिवशी संपवा, दुसऱ्या दिवशी ती कडक राहत नाही. शेंगाची चटणी थोडी थोडी मागवा, लवकर खवट होते. चादरी प्लास्टिकमध्ये बांधून कपाटात टाकू नका. माझ्या दोन चादरींवर बुरशीचे काळे ठिपके आले ते गेलेच नाहीत.

कूलरचं विचाराल तर माझा तीन वर्षं गॅलरीत उभा होता, खाऱ्या हवेत तळ सडला, येताना भंगारात दोनशे रुपये आले. तुमचा चांगल्या स्थितीत असेल तर भावाकडं ठेवा. टेम्पोतल्या त्या जागेत एक टेबलफॅन आणि कपडे वाळत घालायचा स्टँड टाका, जूनमध्ये लागेल.