घरचं मैदान कोणाला मिळतं?

प्रश्न : अमेरिकेतल्या मार्चमधल्या कॉलेज बास्केटबॉल स्पर्धेत यजमान विद्यापीठाला घरच्या मैदानाचा फायदा मिळत नाही का? – एक वाचक, अमळनेर

उत्तर : पुरुषांत सहसा नाही. स्टेडियमं काही वर्षं आधीच प्रस्ताव मागवून ठरतात. ६८ संघ मात्र स्पर्धेच्या तोंडावर निवडले जातात. हंगामात ज्या मैदानावर संघ तीनपेक्षा जास्त सामने खेळला, ते त्याचं घर मानतात (विद्यापीठ ज्या गटात खेळतं, त्या गटाची हंगामाअखेरची स्पर्धा यात धरत नाहीत) आणि त्याला दुसऱ्या शहरात पाठवतात. पाहुणचार करायचा, पण स्वतः बाहेर खेळायचं! अपवाद ‘फर्स्ट फोर’चा, म्हणजे मुख्य फेरीआधीच्या चार सामन्यांचा : २०१५ मध्ये डेटन विद्यापीठाचा संघ ओहायोतल्या डेटन शहरात, घरच्याच मैदानावर खेळला आणि एका गुणाने जिंकला.

महिलांत उलट. वरचे १६ मानांकित संघ पहिल्या दोन फेऱ्या घरीच खेळवतात. खरी अडचण तारखांची : यजमानपद ऐनवेळी कळतं, म्हणून हॉल आधीच मोकळा ठेवावा लागतो.

तुमच्या कॉलेजात आंतरमहाविद्यालयीन सामने घ्यायचे असतील तर आधी टेप लावा. कोर्ट २८ × १५ मीटर, भोवती दोन मीटर मोकळी जागा, म्हणजे ३२ × १९. खांब किंवा कठडा नेमका या दोन मीटरांत येतो. उघड्या सिमेंटवर खानदेशातल्या उन्हात दुपारचे सामने ठेवूच नका.