आधी खोल्या मोजा, मग पगार मागा

मागच्या अंकात हॉटेल कामगारांवर चार ओळी लिहिल्या आणि पत्रं यायला लागली. मी रूम अटेंडंट म्हणून लागले, फ्लोअर सुपरवायझर होऊन निवृत्त झाले आणि मधली अकरा वर्षं युनियनची खजिनदार होते, म्हणून संपादकांनी हा गठ्ठा माझ्याच गळ्यात घातला. वाचक निरनिराळ्या देशांत नोकरी करतात, तेव्हा कायद्याची कलमं सांगत बसत नाही. ती तिथल्या कामगार खात्यात विचारा. बाकीचं सांगते.

ताई, आमच्या हॉटेलात हाउसकीपिंगला आम्ही चाळीस जण आहोत. तीन वर्षांत पगार वाढलेला नाही. युनियन काढू असं सगळेच म्हणतात, पण जेवणाच्या सुट्टीत विषय निघतो आणि ताट धुवेपर्यंत विरतो. सुरुवात कुठून करायची? आणि नाव पुढं आलं की काढून टाकतील, ही भीती आहेच. – एक रूम अटेंडंट

सुरुवात पगारापासून करू नका. ‘पगार वाढवा’ म्हटलं की मॅनेजमेंटकडे उत्तर तयार असतं. ऑक्युपन्सी कमी आहे, म्हणजे खोल्या भरत नाहीत, यंदा जमणार नाही, पुढच्या वर्षी बघू. आम्ही पहिल्या खेपेला पाच जणी एच.आर.च्या केबिनमध्ये गेलो, चहा प्यायलो आणि दहा मिनिटांत बाहेर आलो. चहा बरा होता.

मग आमच्यातली सगळ्यात जुनी बाई म्हणाली, भांडू नका, लिहायला लागा. प्रत्येकीनं एक छोटी डायरी केली. आज खोल्या किती, त्यातल्या चेकआऊटच्या किती आणि राहत्या पाहुण्यांच्या किती. हा फरक बाहेरच्याला कळत नाही. राहत्या खोलीत पलंग नीट करून टॉवेल बदलले की निम्मं काम झालं. चेकआऊटच्या खोलीत पलंग पूर्ण सोडून नव्यानं लावायचा, बाथरूम शेवटच्या थेंबापर्यंत कोरडं करायचं, ड्रॉवरमध्ये राहिलेली केसाची पिन शोधायची. एक्स्ट्रा बेड किती, तेही लिहायचं. ‘डू नॉट डिस्टर्ब’ची पाटी लावून पाहुणा कितीला उठला आणि ती खोली शिफ्ट संपता संपता कुणाच्या अंगावर आली, तेही. सुटताना हजेरीचं कार्ड पंच कितीला केलं आणि खरोखर घरी कितीला निघालो, तेही.

दोन महिन्यांनी डायऱ्या शेजारी शेजारी मांडल्या. रोस्टरवर, म्हणजे मॅनेजमेंटच्या ड्यूटीच्या तक्त्यावर, १४ खोल्या, डायरीत बहुतेक दिवशी १७. आठ तासांत १४ खोल्या म्हणजे एका खोलीला ३४ मिनिटं. १७ झाल्या की २८. त्यातूनच ट्रॉली भरायची, सर्व्हिस लिफ्टची वाट बघायची आणि जेवायचं. म्हणजे कागदावर पगार तोच राहिला, पण एका खोलीमागचा पगार सहाव्या हिश्श्याहून जास्त उतरला होता. कुणी कापल्याचं पत्र दिलं नव्हतं, त्यामुळे आम्हाला कळलंच नव्हतं. शिवाय मधल्या काळात साध्या ब्लँकेटच्या जागी जाड ड्युव्हे, म्हणजे खोळ घातलेल्या रजया, आल्या, दोन उशांच्या चार झाल्या आणि गाद्याही उंच झाल्या. गादीचा कोपरा डाव्या हातानं उचलून धरायचा आणि उजव्या हातानं चादर आत खुपसायची. एका गादीला चार कोपरे, ट्विन खोलीत आठ. माझा डावा खांदा आजही केस विंचरताना कुरकुरतो.

या डायऱ्या घेऊन दुसऱ्यांदा गेलो तेव्हा चहा आला नाही, पण तासभर बोलणं झालं. आकडा त्यांच्याच रोस्टरशी ताडून बघता येत होता ना.

पॅरिसच्या बातिन्योल भागातल्या इबिस हॉटेलमध्ये खोल्या साफ करणाऱ्या बायका जुलै २०१९ मध्ये संपावर गेल्या, त्याच्या मुळाशी हाच हिशेब होता. तासाला साडेतीन खोल्यांचा वेग त्यांच्यावर लादलेला होता. वीसेक जणीच होत्या, बहुतेक आफ्रिकेतून आलेल्या. २२ महिने झगडल्या. मे २०२१ मध्ये करार झाला, त्यात पगार वाढला, जेवणाचा भत्ता मिळाला आणि वेग तासाला तीन खोल्यांवर आला. त्यांच्यातली एक, राशेल केके, २०२२ मध्ये फ्रान्सच्या संसदेत निवडून गेली. बातम्यांमध्ये तिचंच नाव गाजलं. माझ्या लेखी मात्र बातमी त्या अर्ध्या खोलीची आहे.

आता भीतीचं. माझी स्वतःची चूक सांगते. आम्ही सभासदांची यादी एका वहीत केली आणि ती वही मी लॉकरमध्ये ठेवली. तिसऱ्या दिवशी वही जागेवर नव्हती आणि पुढच्या रोस्टरवर पहिल्या दोन नावांची रात्रपाळी लागली. त्यातल्या एकीचं मूल दीड वर्षाचं होतं. महिन्याभरात तिनं नोकरी सोडली. लॉकरच्या कुलपाची दुसरी किल्ली सिक्युरिटीकडे असते, हे मला माहीत होतं. तरी ठेवली.

म्हणून यादी हॉटेलच्या आवारात नको, हॉटेलच्या वायफायवर नको आणि ड्यूटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तर अजिबात नको. त्या ग्रुपचा अॅडमिन कोण आहे ते बघा. बैठक ड्यूटी सुटल्यावर आणि बाहेर घ्या. यालाही कारण आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचे दोन जुने करार आहेत. १९४८ च्या ८७ क्रमांकाच्या करारात म्हटलंय की कामगारांना आपल्या पसंतीची संघटना काढायला आधी कुणाची परवानगी लागत नाही. १९४९ चा ९८ क्रमांकाचा करार सांगतो की युनियनमध्ये आहे म्हणून किंवा कामाच्या वेळेबाहेर युनियनचं काम केलं म्हणून कुणाला नोकरीवरून काढता कामा नये. ‘कामाच्या वेळेबाहेर’ हे शब्द लक्षात ठेवा. चादरी-टॉवेलांच्या लिनन रूममध्ये ड्यूटीवर बैठक घेतलीत तर मॅनेजमेंट युनियनचं नाव काढणारच नाही, कामचुकारपणाचा मेमो देईल.

आणि चाळीसच्या चाळीस जणांची वाट बघत बसू नका, पण पंधरा जणांवर जाहीरही करू नका. निम्म्याहून बरेच जास्त, प्रत्येक मजल्यावरचे, प्रत्येक शिफ्टमधले, किचन आणि लाँड्रीतलेही सोबत आले की एकदम एका दिवशी मागणीपत्र द्या. आपल्या प्रतीवर पोच घ्यायला विसरू नका.

आमचे मॅनेजर म्हणतात, ‘तुम्हाला टिप मिळते, सर्व्हिस चार्ज मिळतो, मग पगारवाढ कशाला?’ आमच्यातलेच काही म्हणतात, पगार वाढला तर पाहुणे टिप देणं बंद करतील. – बँक्वेटचा स्टुअर्ड

दादा, पाहुणा टेबलावर बसल्यावर तुमची पगाराची स्लिप मागतो का? मग त्याला कसं कळणार पगार वाढल्याचं!

टिप आणि सर्व्हिस चार्ज एका पिशवीत घालू नका. हॉटेल-रेस्टॉरंटच्या कामगारांसाठी १९९१ मध्ये झालेला १७२ क्रमांकाचा एक आंतरराष्ट्रीय करार आहे. बिलाच्या रकमेवर पाहुणा आपखुशीनं कामगाराला देतो ती टिप, अशी त्यात सरळ व्याख्या आहे. त्याच्याच पुढं लिहिलंय की टिप मिळो न मिळो, कामगाराला ठरावीक मुदतीनं मूळ पगार मिळालाच पाहिजे. थोड्याच देशांनी तो करार मान्य केलाय, तेव्हा तो दाखवून कोर्टात जिंकाल असं नाही, पण मॅनेजरच्या टेबलावर ठेवायला उत्तम कागद आहे. सर्व्हिस चार्ज मात्र बिलात छापून येतो, म्हणजे त्याचा हिशेब असतो. महिन्याला किती जमला, त्यातून ‘ब्रेकेज’च्या, म्हणजे फुटलेल्या भांड्यांच्या, नावानं किती कापला आणि उरलेला कुठल्या खात्याला किती पॉइंटनं, म्हणजे किती वाट्यानं, दिला, हा तक्ता नोटीस बोर्डावर लावा, ही मागणी पगारवाढीच्याही आधी करा. आमच्याकडे तक्ता लागला त्या दिवशी समोर इतकी गर्दी झाली की ब्रीफिंगला कुणी वेळेवर पोचलं नाही.

आणखी एक. आजारपणात टिप घरी येत नाही. आणि भांडी घासणाऱ्याच्या हातावर टिप ठेवलेली मी तरी एकतीस वर्षांत बघितली नाही. तुमच्या युनियनमध्ये तोही बसणार आहे.

मी त्याच हॉटेलात त्याच गणवेशात सफाई करतो, पण कंत्राटदाराचा माणूस म्हणून. कायम कामगारांच्या युनियनचे लोक म्हणतात, तुमचा प्रश्न वेगळा. – कंत्राटी कामगार

आम्हीही हेच म्हटलं होतं. लाँड्रीतली माणसं कंत्राटदाराची होती, त्यांना घेतलं तर करार लांबेल असं आमच्या समितीचं मत पडलं. मीही हात वर केला होता. करार छान झाला. मुदत संपायच्या आत मॅनेजमेंटनं दोन मजल्यांची सफाई त्याच कंत्राटदाराला दिली, कारण आता आम्ही महाग होतो आणि ते स्वस्त. स्वस्त राहू दिले होते आम्हीच. हा परिच्छेद कापून तुमच्या युनियनच्या लोकांना वाचायला द्या.

वर सांगितलेल्या पॅरिसच्या बायकासुद्धा हॉटेलच्या नव्हे, सफाईच्या कंत्राटदाराच्या पटावर होत्या. हॉटेलनं आम्हाला थेट नोकरीत घ्यावं, ही त्यांची मागणी २२ महिन्यांनंतरही मान्य झाली नाही. बाकी बरंच मिळालं, हे नाही. स्पेनमध्ये अशाच बायकांनी २०१६ च्या सुमारास ‘लास केलीस’ नावानं संघटना उभी केली. ‘सफाई करणाऱ्या त्या’ अशा अर्थाच्या स्पॅनिश शब्दांचं ते बोलीतलं रूप आहे. कायम लोक घेत नसतील तर तुम्ही वेगळे जमा. फक्त डायरी त्यांच्यासारखीच ठेवा, म्हणजे पुढं एकत्र यायची वेळ आली तर आकडे जुळतील.

संप करावा लागला तर किती दिवस टिकता येतं? – किचनमधला एकजण

लास वेगासच्या फ्रंटियर हॉटेलचे साडेपाचशे कामगार २१ सप्टेंबर १९९१ ला बाहेर पडले ते १९९८ उजाडल्यावर आत गेले. सव्वासहा वर्षांहून जास्त. त्यातला एकही जण मधेच फुटून कामावर गेला नाही. पण त्यांच्यामागं शहरभरातल्या हॉटेल कामगारांची मोठी, जुनी युनियन होती, दरमहा पैसे भरणारी. तुम्ही चाळीस जण उद्या सुरू झालात तर घरभाडं थकेपर्यंत टिकाल, हे खजिनदार म्हणून सांगते. संपाची भाषा पहिल्या वर्षी करूच नका. वर्गणी मात्र पहिल्या महिन्यापासून घ्या, पगाराच्याच दिवशी संध्याकाळी, कारण दुसऱ्या दिवशी ती मिळत नाही. रक्कम लहान ठेवा, पावती प्रत्येकाला द्या, सख्ख्या भावाला घेतलंत तर त्यालाही. युनियनच्या बँक खात्यावर दोघांच्या सह्या लागतील असं करा. आणि पावतीपुस्तक घरी ठेवा, लॉकरमध्ये नको.